ओळखीचा आवाज

माझी बायको लहानपणी 'बंदिवास' हा एक वास आहे असं समजायची.

त्यात तिची काही चूक नव्हती. तिचे वडील, म्हणजे माझे सासरे, प्राणिसंग्रहालयात अस्वलांकडे कामाला होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या कपड्यांना ओला पेंढा, शिळी फळं, फिनेल आणि अस्वल यांचा मिळून एक वास यायचा. मुलगी नुकती वाचायला शिकली होती. एका सुट्टीच्या दिवशी वडिलांचं बोट धरून ती तिकडे गेली आणि पिंजऱ्यासमोरची पाटी तिने अक्षर अक्षर जुळवून वाचली : 'आयुर्मान : जंगलात वीस वर्षे, बंदिवासात त्याहून अधिक.' घरी येऊन तिने जाहीर केलं की बाबांच्या अंगाला येतो तो बंदिवास, आणि तो घेत राहिलं की माणूस जास्त जगतो.

घरात तो शब्द तसाच रुळला. सासरे दारात आले की सासूबाई आतूनच म्हणायच्या, "आधी तो बंदिवास न्हाणीत उतरवा, मग चहा." इतकी वर्षं तो शब्द त्या घरात वावरला, पण त्याचा दुसरा काही अर्थ असेल याचा कुणी विचार केला नाही. सासऱ्यांनी तर अजिबात नाही.

मी टेम्पो चालवतो. लग्नाचं बोलायला त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मनात उत्तरं घोकून गेलो होतो. कमाई किती, घर कुणाचं, व्यसन आहे का. सासऱ्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. ते मला ठमीच्या दाढेबद्दल सांगत बसले. मला वाटलं, ठमी म्हणजे घरातलीच कुणी थोरली मुलगी. बिचारीला फारच त्रास होतोय, असं मी म्हणालो. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, ती माझी सवत. चार पायांची."

ठमी पिल्लू असताना आली होती. लाकूडतोड्यांना ती एका मेलेल्या अस्वलीच्या पोटाशी सापडली, त्यांनी पोत्यात घालून आणून दिली. सासरे तेव्हा तिथे गवताच्या गाड्या ढकलायचे. पिल्लाचं कुणी करायचं यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. सासऱ्यांनी पोत्यात हात घातला, आणि पिल्लाने त्यांचा अंगठा तोंडात धरला तो सोडेचना. तिथेच त्यांचं आयुष्य ठरलं. बाटलीने दूध पाजून त्यांनी तिला वाढवलं. डाव्या कानाला आधीपासूनच एक चीर होती, पोत्याची दोरी अडकून पडलेली की आईच्या शेवटच्या झटापटीत, कोण जाणे. त्या फाटक्या कानामुळे ती कुठूनही ओळखू यायची.

ती मोठी झाल्यावर तिला उघडं आवार मिळालं : खडक, डबकं, एक वाळलेलं झाड. रात्री मात्र आतल्या खोलीत घ्यावं लागायचं. बाकीची जनावरं आत घ्यायला लोक बादल्या वाजवायचे, काठ्या आपटायचे. सासरे नुसते कठड्याशी उभे राहायचे आणि घरात बोलतो त्याच आवाजात म्हणायचे, "ठमे, चल घरी." ती आवाराच्या दुसऱ्या टोकाला असली तरी डुलत डुलत यायची, खोलीत शिरायची, आणि सासरे साखळी ओढून सरकतं दार खाली सोडायचे. मी एकदा ते पाहिलं. त्या दाराचा धाड असा आवाज व्हायचा, पण ती मागे वळूनही बघायची नाही.

आमच्या लग्नाच्या आधीपासून त्या घरात आणखी एक माणूस होतं, ते म्हणजे डॉक्टर. जनावरांचे डॉक्टर. नोकरीच्या सुरुवातीला एकटेच आले, भाड्याची खोली, जेवणाचे हाल. सासऱ्यांनी एक दिवस त्यांना घरी आणलं आणि मग ते येतच राहिले. सासऱ्यांना ते दादा म्हणायचे. सासूबाई त्यांना भाऊजी म्हणायच्या आणि त्यांच्या पुढ्यातलं ताट रिकामं दिसलं की स्वतःच्या ताटातलं वाढायच्या. माझ्या बायकोला गणितं शिकवली ती डॉक्टरकाकांनी. आमच्या लग्नात पाहुण्यांची सगळी व्यवस्था त्यांनी एकहाती सांभाळली. सासऱ्यांना सख्खा भाऊ होता, पण तो गावी. हाक मारली की येणारा भाऊ म्हणजे डॉक्टर.

मग संग्रहालयात नवीन साहेब आले. नव्या साहेबांना जुनं काहीच चालत नसे. त्यांनी फिरून फिरून सगळ्या पाट्या वाचल्या आणि हुकूम काढला, की 'बंदिवास' हा शब्द कुठेही दिसता कामा नये. लोक सुट्टीत मुलांना घेऊन येतात, त्यांना उगीच कसंतरी वाटतं. रंगारी आला आणि त्याने प्रत्येक पाटीवर पांढरा पट्टा ओढून वर 'देखरेखीखाली' असं रंगवलं. सासऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "खरंच आहे की," ते म्हणाले, "देखरेख मीच ठेवतो." माझी बायको मात्र चिडवायला म्हणाली, "बाबा, आता अंगाला देखरेख येणार तुमच्या." सगळे हसले. डॉक्टरही जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसले.

त्याच ताटावर, काही दिवसांनी, त्यांनी ती बातमी सांगितली.

"दादा, ठमीचं नशीब उघडलंय."

डोंगराच्या पलीकडे एक राखीव रान आहे, ते म्हणाले. पिंजरे नाहीत, सिमेंट नाही. कुंपण आहे, पण इतकं लांब की जनावराच्या नजरेला पडत नाही. ओढा आहे, मधाची पोळी लागलेली झाडं आहेत. म्हाताऱ्या अस्वलांना तिथे नेऊन सोडतात. ठमीचं नाव पाठवलं होतं, होकार आला.

सासऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "तिला जमेल का? तिने कधी रान पाहिलेलं नाही."

"रक्तात असतं ते," डॉक्टर म्हणाले. "एकच अडचण आहे. तिचं हृदय आता थकलंय. बेशुद्धीचं इंजेक्शन दिलं तर ती उठेल याची मला खात्री नाही. जागेपणी, स्वतःच्या पायाने पेटीत शिरली तरच नेता येईल. आणि ती कुणाच्या सांगण्यावरून पेटीत शिरेल, हे मी तुम्हाला सांगायला नको."

सासूबाईंनी विचारलं, "मग हे अधूनमधून भेटायला जाऊ शकतील ना हो भाऊजी?"

"आधी तिला माणूस विसरू दे, वहिनी. दोन वर्षं तरी नको. दादा समोर दिसले तर ती रानात रमायचीच नाही."

आता मागे वळून बघताना वाटतं, किती नीट विचार करून मांडलेलं बोलणं होतं ते. कुठे फट नव्हती. पण तेव्हा आम्हाला त्यात फक्त माया दिसली.

पेटीची सवय लावायला सासऱ्यांनी जीव ओतला. लोखंडी पट्ट्यांची ती पेटी त्यांनी रात्रीच्या खोलीच्या दाराला जोडून ठेवली. आधी पेटीच्या तोंडाशी उकडलेले बटाटे, मग थोडं आत, मग अगदी टोकाला मध. ठमी बाहेर पाय ठेवून मान लांब करायची, एवढं मोठं धूड तोल सांभाळत आत वाकायचं, ते बघून बाकीचे कामगार हसून लोळायचे. हळूहळू ती आत बसायला लागली. मग सासऱ्यांनी दार खाली घेऊन लगेच वर उचलायला सुरुवात केली, दार पडलं तरी ते उघडतं हे तिला कळावं म्हणून. घरी आले की ते उत्साहाने सांगायचे, आज इतका वेळ बंद ठेवली, आज हूं की चूं नाही. तिच्या सुटकेसाठी आपण तिला शिकवतोय, असं त्यांना वाटत होतं. 'सुटका' हा शब्द डॉक्टरांनीच त्यांना दिला होता.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे तिथे होतो. साहेबांनी छोटंसं भाषण केलं, टाळ्या झाल्या. सासरे पेटीच्या पलीकडच्या बाजूला उभे राहिले. त्या दिवशी मध नव्हता, बटाटे नव्हते, प्रवासाआधी तिला उपाशी ठेवलं होतं. ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ठमे, चल घरी." ती आली. दार पडलं आणि या वेळी वर गेलं नाही.

तिने वाट पाहिली. मला चांगलं आठवतंय, ती घाबरली नाही. दाराकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे बघितलं, मग खाली बसली. जणू काही साखळी अडकली असेल, हा माणूस करेल काहीतरी. ट्रक हलला तेव्हा सासरे पट्ट्यांमधून बोटं घालून फाटकापर्यंत चालत गेले.

त्यानंतर दर काही दिवसांनी ते डॉक्टरांना विचारत आणि डॉक्टर सांगत. झाडावर चढायला लागली. ओढ्यात पडून असते. एकदा तर म्हणाले, एका दुसऱ्या म्हाताऱ्या अस्वलीबरोबर फिरते, दोघींचं छान जमलंय. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. इथे माझ्याशी काही तिचं जमलं नाही." सासऱ्यांकडे आता दुसरी दोन अस्वलं होती. त्यांचं ते करायचे. पण संध्याकाळी हाक मारायची वेळ झाली की दुसऱ्याला साखळी ओढायला सांगून नळाकडे जायचे.

ठमी मला दिसली ती दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात.

फर्निचर घेऊन मी नव्या हायवेने चाललो होतो. वाटेत एक मोठं हॉटेल लागलं, बाहेर गाड्यांची रांग, मुलांसाठी घसरगुंडी, झोके. चहाला थांबलो. झोक्यांच्या पलीकडे गर्दी दिसली म्हणून गेलो, तर पिंजरा. पत्र्याचं छप्पर, खाली सिमेंट, आणि मधोमध एक अस्वल उभ्या उभ्या मान या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत हलवत होतं. न थांबता. लोक वेफर्स टाकत होते. वर पाटी होती, 'जंगलची राणी'. अस्वलाचा डावा कान चिरलेला होता.

घरी येऊन मी आधी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता बाबांना सांग. कमीजास्त करू नकोस."

सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि ते चक्क हसले. "जावईबापू, तुम्हाला सगळी अस्वलं सारखीच दिसणार. चिरलेले कान पुष्कळांना असतात." तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना विचारलंच. संध्याकाळी येऊन म्हणाले, "गेल्याच महिन्यात त्यांचं तिकडे बोलणं झालं. मजेत आहे." आणि मग, आम्ही कुणी काही विचारलं नसताना, "डॉक्टर माझ्याशी खोटं कशाला बोलतील?"

चार-आठ दिवस असेच गेले. एका सकाळी मी टेम्पो सुरू करतोय, तर सासरे येऊन पुढच्या सीटवर बसले. पायात कामाचेच बूट. "चला," म्हणाले. कुठे ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

हॉटेल नुकतं उघडलं होतं, गर्दी नव्हती. सासरे लांबूनच थांबले. कान बघायची त्यांना गरज पडली नाही. तिची उभं राहण्याची पद्धतच त्यांनी ओळखली असणार. ते पिंजऱ्याजवळ गेले, माझ्या हाताला घट्ट धरून गेले. ठमीची मान हलत होती.

"ठमे," ते म्हणाले.

मान थांबली. ती वळली. नाक वर करून तिने हवा ओढली, आणि मला वाटलं आता ती धावत येणार. सासऱ्यांनाही तेच वाटलं. त्यांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "चल घरी."

ती मागे सरली. पाठ भिंतीला लागेपर्यंत मागे सरली, तिथे अंग चोरून बसली आणि तिने दात दाखवले. घशातून एक आवाज आला, बारीक, खोल, न थांबणारा. सासरे नंतर मला म्हणाले की इतक्या वर्षांत तिचा तो आवाज त्यांनी ऐकला होता, पण दुसऱ्यांवर काढलेला.

परत येताना मी दोनदा टेम्पो थांबवला. पाणी हवं का विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही चालवा."

त्यांनी थेट दवाखान्यासमोर उतरवायला सांगितलं. मी बरोबर आत गेलो, मला राहवलं नाही. डॉक्टर एका माकडाच्या हाताला बँडेज करत होते. त्यांनी आमचे चेहरे पाहिले, मदतनिसाला माकड घेऊन बाहेर पाठवलं आणि स्वतः दार लावून घेतलं.

"बघून आलात," ते म्हणाले.

"आलो."

डॉक्टरांनी नाकारलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ते म्हणाले, की रानातून नकार आला होता. फार म्हातारी, फार माणसाळलेली, तिथे जगणार नाही म्हणून. पण साहेबांनी तिची जागा नव्या वाघासाठी ठरवली होती आणि हॉटेलवाल्याला शब्द दिला होता. ठमी जाणारच होती. "तुम्ही अडून बसला असतात तर त्यांनी मला इंजेक्शन द्यायला लावलं असतं. ती टेबलावरच गेली असती, दादा. मी तिचा जीव वाचवला."

"ते मान्य आहे," सासरे म्हणाले. "मला का नाही सांगितलंत?"

डॉक्टर हात धुवायला वळले. नळ तसाच चालू ठेवून म्हणाले, "मला तुमचा आवाज हवा होता. तुम्हाला खरं माहीत असतं तर आवाज बदलला असता. तिला कळलं असतं."

सासरे स्टुलावर बसले.

"आणि तसं बघितलं तर," डॉक्टर म्हणाले, "इथे काय ती मोकळी होती? इथेही बंदिवास, तिथेही बंदिवास. या पिंजऱ्यातून त्या पिंजऱ्यात. शब्द एकच."

"नाही," सासरे म्हणाले. ते सावकाश बोलत होते, चाचपडत, जड सामान जिन्यावरून उतरवल्यासारखं. "मी रोज त्या पाटीवर फडकं मारायचो. तो शब्द काय आहे ते मी कधी बघितलंच नाही. मला वाटायचं, गज, कुलूप, साखळी, यालाच म्हणत असतील. कुलपाचं काही नाही डॉक्टर. कुलूप ती रोज बघायची. ते खरं होतं. पण आपल्याला कुठे नेतायत ते जिला विचारता येत नाही, आणि ज्याच्या आवाजावर भरवसा ठेवायचा त्यालाच दुसऱ्याने फसवलेलं... याला काय म्हणतात ते तुम्ही सांगा. तुम्ही शिकलेले आहात." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि दोन वर्षं तुम्ही मला ओढा सांगत होतात. मैत्रीण सांगत होतात. ते कशासाठी? तेव्हा तर ती गेलेली होती. तेव्हा माझा आवाज कुणाला हवा होता?"

डॉक्टरांनी नळ बंद केला. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून," इतकंच म्हणाले.

घरी सासूबाईंनी सगळं उभ्याने ऐकलं. त्या आरडाओरडा करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "माझ्या हातचं जेवताना घास अडकला नाही का हो त्यांचा?" आणि मग कितीतरी वेळ भांडी घासत राहिल्या, घासलेलीच पुन्हा.

सासरे साहेबांकडे गेले. सगळं नियमाला धरून झालंय, हॉटेलवाल्याकडे जनावर ठेवायचा परवाना आहे, हस्तांतर रीतसर आहे, असं साहेबांनी खुर्चीवरून न उठता सांगितलं. डॉक्टर दोनदा घरी आले. पहिल्यांदा सासूबाईंनी दार उघडलं, "ते नाहीत" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. सासरे आतच बसले होते. दुसऱ्यांदा दार उघडलंच नाही.

निवृत्ती जवळ आली होती. तेवढंही न थांबता सासऱ्यांनी नोकरी सोडली आणि हॉटेलवाल्याकडे जाऊन उभे राहिले. मला इथे अस्वल सांभाळायला ठेवा, म्हणाले. मालक तसा वाईट नव्हता, नुसता हौशी होता. त्याला जंगलची राणी हवी होती, तिच्या पायाला सिमेंटने जखमा झाल्यात हे त्याला दिसलंही नव्हतं. इतका जाणता माणूस जेवणखाण आणि मागच्या गोदामातल्या खाटेवर मिळतोय म्हटल्यावर तो खूशच झाला.

सासूबाईंना हे पटलं नाही. "फसवलं त्यांनी, आणि कोंडून घेताय तुम्ही स्वतःला," त्या म्हणाल्या. "घरच्या माणसांचं काय?" सासरे उठले. त्यांनी कपडे भरले. शेजारणीने विचारलं तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, "सवतीकडे राहायला गेलेत." पण ते सांगताना त्या हसल्या नाहीत.

सासऱ्यांनी मालकाच्या मागे लागून अर्धं सिमेंट फोडून घेतलं. मी टेम्पोने माती नेऊन टाकली, दोन ओंडके नेले. झोके लांब हलवले. पाटी बदला, असंही त्यांनी सुचवलं.

"काय लिहू मग?" मालकाने विचारलं.

"बंदिवासात वाढलेली अस्वली. खरं ते लिहा."

"काका, लोक इथे जेवायला येतात," मालक म्हणाला. त्याने 'आमची पाहुणी' असं लिहून घेतलं, आणि आपण काकांचं ऐकलं या समाधानात राहिला.

ठमीने मात्र त्यांना जवळ येऊ दिलं नाही. ते दिसले की ती भिंतीला जाऊन टेकायची आणि तो घशातला आवाज सुरू व्हायचा. त्यांनी ठेवलेल्या खाण्याला ती तोंड लावत नसे. एकदा तर सलग उपाशी राहिली. तेव्हा त्यांनी भांडी घासणाऱ्या बाईला विनवलं. ती विधवा होती, झपाट्याने काम उरकणारी, जनावराची भीती नसलेली. सासऱ्यांनी तिला सगळं शिकवलं : बटाटे कोमट हवेत, मध शेवटी, औषध कलिंगडात लपवून, हात पुढे करताना तळवा उघडा. एकच बजावलं, हिला 'घरी चल' असं कधी म्हणायचं नाही.

महिन्याभरात ठमी तिच्या हातून खायला लागली. मी पाहिलं, ती बाई काहीतरी बडबडत पिंजऱ्याशी बसली होती आणि ठमी ओठ लांब करून तिच्या तळव्यावरून बटाटा उचलत होती. सासरे गोदामाच्या भिंतीआड उभे होते. तिथून दिसत नसे, फक्त ऐकू येई. "खाल्लं?" त्यांनी तोंडाने न बोलता, मान उडवून मला विचारलं. मी हो म्हटलं. ते खाली बसले आणि त्यांनी बूट काढून पाय चोळले.

मग त्यांनी कामाची वाटणीच करून टाकली. पिंजऱ्यासमोरचं सगळं बाई करायची, मागचं सगळं सासरे. पेंढा, पाणी, औषधं, मातीची उलथापालथ, ती आतल्या कोपऱ्यात झोपलेली असताना. बोलायचं नाही. सासूबाईंनी सुरुवातीचा राग ओसरल्यावर माझ्याबरोबर यायला सुरुवात केली. त्या आल्या की दोघं गोदामात बसून कुजबुजत बोलायचे. "इतकी वर्षं संसार केला, तेव्हा कधी हळू बोलला नाहीत," असं एकदा त्या म्हणाल्या, तेव्हा सासरे बऱ्याच दिवसांनी थोडंसं हसले.

डॉक्टर एकदा तिथे आले. आता तेच साहेब झाले होते. मी आणि सासरे गाडीतून ओंडका उतरवत होतो. डॉक्टरांचे केस पिकले होते. त्यांनी "दादा" म्हटलं. सासरे म्हणाले, "बोला साहेब." तो शब्द डॉक्टरांना लागलेला दिसला.

"ती ओळखते का तुम्हाला?"

"ओळखते म्हणून तर लांब राहतो," सासरे म्हणाले, आणि ओंडक्याचं आपलं टोक उचललं. माझं टोक उचलायला डॉक्टर पुढे झाले होते, पण सासऱ्यांनी मला खुणेने सांगितलं, तुम्हीच धरा.

ठमी त्यानंतरच्या थंडीत गेली. दुपारी, उन्हात, मातीवर पडल्या पडल्या. बाईने हाक मारून सासऱ्यांना बोलावलं. ते आत गेले, कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा तिच्या जवळ गेले. आधी पुष्कळ वेळ नुसते बाजूला उभे राहिले, खात्री करून घेतल्यासारखे. मग बसले, तिचा पंजा उलटा करून तळव्याच्या जखमा भरल्यात का ते बघितलं. त्या भरल्या होत्या. मालकाला कातडं ठेवून घ्यायचं होतं. सासऱ्यांनी त्याला काही तरी हळू आवाजात सांगितलं, काय ते मला ऐकू आलं नाही, पण मालकाने हॉटेलमागच्या जमिनीत खड्डा खणायला दोन माणसं दिली.

सासरे घरी आले. सुरुवातीला ते माझ्याबरोबर टेम्पोवर यायचे, फार बोलायचे नाहीत. घर पूर्ववत झालं असं म्हणता येईल, पण जेवायला बाहेरचं माणूस बोलवायची या घरातली जुनी हौस गेली ती गेलीच.

गेल्या महिन्यात फोन आला. माझ्या बायकोने उचलला आणि नुसताच सासऱ्यांच्या हातात दिला. डॉक्टरांचा होता. संग्रहालयात एक तरुण अस्वल आहे, त्याला दुसरीकडे हलवायचंय, पेटीत शिरत नाही, कुणाला जमत नाही. "तुमच्यासारखा हात नाही दादा. मागचं विसरा आणि या जनावराकडे बघून या." या वेळी खरंच चांगली जागा आहे, असंही ते म्हणाले. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

सासरे म्हणाले, "येतो. आधी जिथे नेणार ती जागा मला दाखवा. मी जाऊन बघून येईन, तिथे चार दिवस राहीन. मग पेटीला हात लावीन."

मग डॉक्टर म्हणाले, "विचारून कळवतो."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सासरे टेम्पोवर आले नाहीत. फोनजवळच्या खुर्चीवर पेपर घेऊन बसले होते. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि विचारलं, "आला का?"

"नाही."

"यायचाही नाही तो."

"माहीत आहे," सासरे म्हणाले. त्यांनी चहा घेतला, पण खुर्चीवरून उठले नाहीत.